एक ग्राफिक्स कार्ड, अनेक वाटेकरी: गणनशक्ती वाटायची कोणी आणि कशी?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या कार्यक्रमात आरंभी दहा हजारांहून अधिक ग्राफिक्स कार्डे, म्हणजेच जीपीयू, उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट होते. जानेवारी २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी १८,६९३ कार्डांचा आकडा जाहीर केला. मे महिन्यात तो ३४,३३३ वर गेला आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याने ३८ हजारांचा टप्पा ओलांडला. अनुदान वजा जाता एका कार्डाचा एका तासाचा दर सुमारे ६५ रुपये पडतो, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. जागतिक बाजारातील भाडे पाहता हा दर निश्चितच कमी आहे.

या घोषणांमध्ये एक गोष्ट मात्र समान आहे. मोजणी कार्डांची होते आणि आकारणी कार्ड-तासांची. एका कार्डावर एकाच वेळी किती जणांना काम करता येईल, त्याचे तुकडे कसे पाडायचे आणि ते पाडण्याचा अधिकार कोणाकडे असेल, हे प्रश्न त्या तुलनेने मागे राहतात. वस्तुतः ६५ रुपयांचे मोल याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरणार आहे. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला ८० गिगाबाइट स्मृतीचे संपूर्ण एच-१०० कार्ड दिले आणि त्याच्या प्रयोगाला त्यातील आठ गिगाबाइट पुरले, तर उरलेले कार्ड रिकामे राहते. त्याचे भाडे मात्र कोणीतरी भरतच असते.

एका प्रत्यक्ष संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या सिस्टिम-३७० या मेनफ्रेम संगणकांसाठी तशी सोय बाजारात आणली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती सामान्य सर्व्हरवर उतरवली आणि आजचा क्लाउड व्यवसाय त्याच पायावर उभा राहिला. व्हर्च्युअल मशीनला मराठीत आपण आभासी संगणक म्हणतो. भाषांतराच्या कामात हा शब्द रोज लिहावा लागतो आणि दर वेळी थोडा खटकतो, कारण यातील आभास फक्त वापरणाऱ्यापुरता असतो. वीज, उष्णता आणि महिनाअखेरीचे देयक ही तिन्ही अगदी खरी असतात.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर अशा रीतीने वाटून घेणे तुलनेने सोपे ठरले. तो कोणत्याही क्षणी एक काम थांबवून दुसरे हाती घेऊ शकतो. अर्धवट कामाची नोंद ठेवायला त्याला थोडीशीच जागा लागते. शिवाय त्याची आज्ञावली प्रसिद्ध आणि अनेक वर्षे स्थिर असते. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट आहेत. हजारो लहान गणनघटक एकाच वेळी राबत असल्याने मध्येच थांबवायचे तर नोंद फार मोठी होते. कार्डाशी नेमके कोणत्या भाषेत बोलायचे, हे उत्पादक कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरलाच ठाऊक असते, आणि ती भाषाही दर पिढीत बदलते. म्हणूनच प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांची वाटणी स्थिरावल्यानंतरही ग्राफिक्स कार्ड बराच काळ अविभाज्य राहिले.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे संपूर्ण कार्ड एकाच आभासी संगणकाच्या हवाली करणे. यात वेग जवळजवळ पूर्ण मिळतो, वाटणी मात्र होतच नाही. दुसरा मार्ग दुभाष्याचा आहे. आभासी संगणकाने चित्र काढण्याची आज्ञा द्यायची, यजमान संगणकाने ती उचलून आपल्या खऱ्या कार्डाकडून करवून घ्यायची आणि निकाल परत पाठवायचा. लिनक्स जगतातील व्हर्जिल ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. कार्ड कोणत्याही कंपनीचे असले तरी ती काम करते, पण प्रत्येक आज्ञेला दुभाषी लागत असल्याने वेग घटतो. साध्या कामाला तो पुरतो, जड कामाला नाही.

उरलेले दोन मार्ग खऱ्या अर्थाने वाटणीचे आहेत. ते समजून घेण्यासाठी सामाईक विहिरीचे उदाहरण घेता येईल. चार भावांचा हिस्सा असलेल्या विहिरीवर मोटर एकच असेल तर पाळी लावावी लागते. प्रत्येकाचा हौद वेगळा, पण पाणी उपसण्याची वेळ ठरलेली. एनव्हिडियाच्या व्हीजीपीयू या पद्धतीचे मूळ रूप असेच आहे. कार्डाची स्मृती प्रत्येक आभासी संगणकाला कायमची वाटून दिलेली असते. गणनशक्ती मात्र पाळीपाळीने, सेकंदाच्या सूक्ष्म अंशापुरती, संपूर्णपणे एकाच्या हाती येते. पाळी कशी लावायची याच्याही तीन रीती आहेत. पहिलीत जो हजर असेल त्याला पाणी मिळते. शेजारी अधाशी निघाला तर इतरांची तहान राहते. दुसरीत त्या वेळी जेवढे आभासी संगणक चालू असतील तेवढ्यांत समान वाटा होतो. तिसरीत प्रत्येकाची वेळ राखीव असते आणि तो आला नाही तरी ती दुसऱ्याला मिळत नाही. कोणाला किती वेग मिळेल याची हमी फक्त या तिसऱ्या रीतीत मिळते, पण मोटर रिकामी फिरण्याची शक्यताही तिच्यातच सर्वाधिक असते.

चौथा मार्ग म्हणजे विहीर एकच, पण प्रत्येकाची मोटर आणि नळ वेगळे. एनव्हिडियाने मे २०२० मध्ये ए-१०० कार्डासोबत आणलेली मिग ही सोय अशी आहे. तिच्यात एका कार्डाचे जास्तीत जास्त सात तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याचे गणनघटक, स्मृती आणि स्मृतीकडे जाणारे मार्ग चिपमध्येच विलग केलेले असल्याने शेजाऱ्याच्या गडबडीची झळ फारशी लागत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. ए-१०० कार्डात १०८ गणनसंच असतात. सात समान तुकडे केले तर प्रत्येकाला १४ याप्रमाणे ९८ संच वापरात येतात आणि दहा संच कडेला पडून राहतात. शिवाय तुकड्यांचे आकार ठरलेले असतात; पाहिजे तसा पाचवा किंवा दहावा हिस्सा कापून मिळत नाही.

इथवरचा भाग अभियांत्रिकीचा झाला. वाटणीच्या अधिकाराचा इतिहास अधिक बोलका आहे. एनव्हिडियाने २०१२ मध्ये या क्षेत्रात पदार्पण केले तेव्हा तिची ग्राहक मंडळी यंत्रांचे आराखडे काढणारी कार्यालये किंवा वैद्यकीय प्रतिमा पाहणारी रुग्णालये अशी होती. के-१ आणि के-२ ही तिची आरंभीची कार्डे विकत घेतली की वाटणीची सोय त्यातच मिळत असे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून चित्र बदलले. कार्ड विकत घेतल्यानंतरही ते वाटून वापरण्यासाठी प्रतिवापरकर्ता परवाना आवश्यक ठरला. आभासी संगणक सुरू होताच तो परवाना देणाऱ्या सर्व्हरकडे विचारणा करतो आणि परवाना न मिळाल्यास काही वेळाने त्याचा वेग उतरवला जातो. विहीर आपली, मोटर आपली, पण पाळी लावण्याची फी गावाबाहेरच्या कारखानदाराला, असा हा प्रकार म्हणता येईल.

सामान्य ग्राहकांसाठीच्या स्वस्त कार्डांवर तर अनेक वर्षे संपूर्ण कार्ड आभासी संगणकाला देण्यासही मज्जाव होता. ड्रायव्हरला आपण आभासी संगणकात आहोत असे कळताच तो ‘कोड ४३’ ही त्रुटी दाखवून थांबत असे. हा अडथळा एनव्हिडियाने २०२१ मध्ये स्वतःहून दूर केला. त्याच वर्षी स्वतंत्र प्रोग्रामरांनी प्रसिद्ध केलेल्या एका मुक्त आज्ञावलीने दाखवून दिले, की कंपनीच्या अनेक जुन्या स्वस्त कार्डांमध्येही वाटणीची क्षमता मुळात होती आणि ती केवळ सॉफ्टवेअरच्या कुलपाने बंद ठेवली होती. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये वाटणीची व्यवस्था हार्डवेअरमध्ये गेली आणि ती पळवाटही बंद झाली. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने परवान्याच्या अटी बदलून जीफोर्स मालिकेच्या ड्रायव्हरचा डेटा सेंटरमधील वापरही निषिद्ध केला होता. त्यातून सवलत मिळाली ती फक्त ब्लॉकचेनच्या कामाला. या अपवादामागील तर्क वाचकांनीच ताडावा.

कंपनीची बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. सॉफ्टवेअर लिहिण्यास, ते दर महिन्याला दुरुस्त करण्यास आणि शेकडो सर्व्हरवर तपासून पाहण्यास खर्च येतो, हे खरे. परंतु प्रतिस्पर्ध्यांनी वेगळा मार्ग चोखाळल्याची उदाहरणेही समोर आहेत. एएमडीने २०१६ मध्ये बाजारात आणलेले एस-७१५० कार्ड हार्डवेअरच्याच साह्याने सोळा आभासी संगणकांपर्यंत वाटता येत असे आणि त्यावर परवाना शुल्क नव्हते. २०२५ मध्ये या कंपनीने इन्स्टिंक्ट मालिकेच्या कार्डांसाठी वाटणीचा यजमान ड्रायव्हर मुक्त स्वरूपात प्रसिद्ध केला. इंटेलची जीव्हीटी-जी ही मुक्त प्रणाली तर २०१७ च्या लिनक्स गाभ्यापासूनच उपलब्ध होती. प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले छोटे ग्राफिक्सही तिने वाटून घेता येत असे. पुढे इंटेलने तिचा पाठपुरावा सोडला आणि नव्या पिढीत हार्डवेअरमधील वाटणीकडे वळण घेतले. मुक्त असणे म्हणजे टिकणे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो. तरीही फ्लेक्स मालिकेच्या डेटा सेंटर कार्डांवर इंटेलने ही सोय शुल्काविना दिली, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रश्न असा उरतो, की वाटणीचे साधन स्वस्त वा फुकट असूनही बाजार एनव्हिडियाकडेच का झुकतो? याचे उत्तर वाटणीत नसून क्यूडा या तिच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेत आहे. २००७ पासून संशोधकांनी लिहिलेले अफाट साहित्य त्या व्यवस्थेवर उभे आहे. कार्ड बदलायचे तर हे साहित्यही तपासून पाहावे लागते आणि विद्यापीठांतील विभागांपाशी तेवढे मनुष्यबळ नसते. इंडियाएआयच्या जानेवारी २०२५ मधील यादीतही १८,६९३ पैकी १२,८९६ कार्डे एनव्हिडियाची एच-१०० आणि १,४८० कार्डे एच-२०० होती. त्यामुळे वाटणीचा विचार व्यवहारात एनव्हिडियाच्या अटींवरच करावा लागतो. मिगचे तुकडे थेट यजमान संगणकावर किंवा कंटेनरमध्ये वापरण्यास वेगळा परवाना लागत नाही. तेच तुकडे निरनिराळ्या आभासी संगणकांना द्यायचे ठरवले की कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. एआय एंटरप्राइज या तिच्या संचाची जाहीर किंमत प्रत्येक कार्डामागे वर्षाला ४,५०० डॉलर आहे. मोठ्या खरेदीत सवलती मिळतात आणि काही कार्डांसोबत हा परवाना ठरावीक वर्षांसाठी येतोही. पण मुदत संपल्यानंतर काय, हा हिशेब कार्डांच्या संख्येत दिसत नाही.

आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचीही अशीच गत झाली. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर अवघ्या महिन्याभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली आणि ग्राहकांना वार्षिक वर्गणीकडे वळवले. खर्च वाढलेल्या अनेक संस्थांना केव्हीएम या लिनक्समधील मुक्त पर्यायाचा विचार करणे भाग पडले.

भारतातील गरज एका प्रकारची नाही. बंगळूरच्या सर्वम या कंपनीची एप्रिल २०२५ मध्ये स्वदेशी भाषा-प्रारूप घडवण्यासाठी निवड झाली आणि तिला ४,०९६ एच-१०० कार्डे सहा महिन्यांसाठी देण्याचे ठरले. अशा कामात एकाही कार्डाचा तुकडा पाडणे अनर्थकारक ठरेल. तेथे हजारो कार्डे अतिवेगवान तारांनी जोडून एकजीव करावी लागतात. याउलट जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात यंत्रशिक्षणाचा पहिला अभ्यासक्रम शिकणाऱ्या साठ विद्यार्थ्यांना साठ कार्डे देणे ही उधळपट्टी होईल. दहा गिगाबाइटचा एकेक तुकडा दिला तर नऊ एच-१०० कार्डांत अख्खा वर्ग बसतो. या दोन टोकांच्या मध्ये शेतीच्या पिकांची छायाचित्रे तपासणारे, क्ष-किरण प्रतिमांतून क्षयरोगाच्या खुणा शोधणारे आणि भाषांतराची छोटी प्रारूपे चालवणारे असंख्य उद्योग आहेत. त्यांना दिवसाचे काही तास अर्धे कार्ड पुरते.

सार्वजनिक मालकीच्या यंत्रांचा विचार केला तर पुण्याच्या सी-डॅकचे परम सिद्धी-एआय हे उदाहरण डोळ्यांसमोर येते. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर आलेल्या या यंत्रात एनव्हिडियाचे ४२ सर्व्हर आहेत आणि प्रत्येकात आठ ए-१०० कार्डे. म्हणजे ३३६ कार्डे. तत्त्वतः २,३५२ तुकडे. एवढ्या जणांना एकाच वेळी काम देता येईल, असा याचा अर्थ नाही. मोजणीचे एकक बदलले की क्षमतेचे चित्र किती बदलते, एवढेच यातून लक्षात यावे.

इंडियाएआयच्या कार्डांची मालकी सरकारकडे नाही, हा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. पनवेल येथे डेटा सेंटर असलेली योट्टा आणि तिच्यासारख्या अन्य खासगी कंपन्यांकडील कार्डे निविदेद्वारे सूचीबद्ध करून ती अनुदानित दराने दिली जातात. पुरवठादाराला पूर्ण कार्ड भाड्याने देणे सोयीचे असते. देयक सरळ, तक्रारी कमी. तुकडे पाडले की वेळापत्रक, सुरक्षा आणि परवाना यांचा भार त्याच्यावर येतो. सरकारी अनुदान कार्ड-तासावर मिळणार असेल, तर हा भार त्याने आपणहून उचलावा, अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे होईल.

टंचाई माणसाला वाटून घ्यायला शिकवते, याचे अलीकडील उदाहरण चीनमधील आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोल येथील एका संगणकशास्त्र परिषदेत अलिबाबा क्लाउड आणि पेकिंग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी एगियन ही प्रणाली मांडली. अलिबाबाच्या प्रारूप-बाजारात १७.७ टक्के कार्डे अशा प्रारूपांसाठी अडकून पडली होती, ज्यांच्याकडे एकूण विनंत्यांपैकी केवळ १.३५ टक्के विनंत्या येत होत्या. एकाच कार्डावर अनेक प्रारूपे आळीपाळीने, प्रसंगी उत्तरातील एकेका शब्दखंडागणिक, चालवून संशोधकांनी तेवढेच काम १,१९२ ऐवजी २१३ कार्डांवर करून दाखवले. ही आभासी संगणकांची वाटणी नव्हे. एकाच मालकाच्या घरातील काटकसर आहे. परस्परांवर विश्वास नसलेल्या अनेक ग्राहकांना ती जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही निष्क्रिय कार्डांचे प्रमाण किती मोठे असू शकते, हे तिने आकड्यांनिशी समोर आणले.

भारतालाही टंचाईची चाहूल लागली होती. जानेवारी २०२५ मध्ये मावळत्या बायडन प्रशासनाने जाहीर केलेल्या निर्यात नियमात भारताचा समावेश निकटच्या मित्रदेशांत न होता दुसऱ्या गटात झाला होता, आणि त्या गटाला कार्डांच्या आयातीवर कमाल मर्यादा होती. ट्रम्प प्रशासनाने मे २०२५ मध्ये, अंमलबजावणीस काही दिवस उरले असताना, तो नियम मागे घेतला. मर्यादा टळली, परंतु अशी मर्यादा एका अधिसूचनेने येऊ शकते, हे त्या चार महिन्यांत दिसून आले.

वाटणीला धोकेही आहेत. टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी जुलै २०२५ मध्ये दाखवले, की एनव्हिडियाच्या ए-६००० या कार्डाच्या स्मृतीत विशिष्ट ओळी वारंवार वाचून शेजारच्या ओळींतील बिट पालटता येतात. एकच कार्ड पाळीने वापरणारा एक ग्राहक दुसऱ्याच्या प्रारूपाची अचूकता अशा रीतीने ८० टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आणू शकला. कंपनीने स्मृतीतील त्रुटी सुधारण्याची सोय चालू ठेवण्याचा सल्ला दिला. संशोधकांच्या मोजणीनुसार या उपायाने वेग दहा टक्क्यांपर्यंत घटतो आणि ६.२५ टक्के स्मृती कमी होते. रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या संस्थेने अनोळखी शेजाऱ्यासोबत पाळीचे कार्ड वापरू नये, हार्डवेअरमध्ये विलग केलेला तुकडा किंवा संपूर्ण कार्डच घ्यावे, हा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. स्वस्त तुकडा आणि सुरक्षित तुकडा या नेहमीच एक वस्तू नसतात.

यावर शासनाला करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. कार्ड-तासासोबत तुकडा-तासाचा दर निविदेतच मागवता येईल. प्रत्येक कार्ड प्रत्यक्षात किती वेळ कामात होते, याची मासिक आकडेवारी पुरवठादाराला देण्यास सांगता येईल. अनुदान करदात्यांचे असल्याने ती प्रसिद्ध करण्यातही अडचण नसावी. वाटणीच्या परवान्याचे शुल्क दरात धरले आहे की वेगळे, आणि वाटणी पाळीची आहे की हार्डवेअरमधील, हे ग्राहकाला आधीच कळायला हवे. एकाच कंपनीच्या कार्डांवर भिस्त असताना एएमडी वा इंटेलच्या काही कार्डांवर अभ्यासक्रमांची सोय केली, तर विद्यार्थ्यांची पुढची पिढी तरी दुसऱ्या विहिरीचे पाणी चाखून पाहील.

एनव्हिडियानेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. कार्डांचे अंश वाटून देणारे सॉफ्टवेअर बनवणारी रन-एआय ही इस्रायली कंपनी तिने २०२४ अखेर ताब्यात घेतली आणि तिचा काय हा वेळापत्रक ठरवणारा भाग २०२५ मध्ये मुक्त केला. मात्र हा भाग कोणते काम कोणत्या कार्डावर पाठवायचे एवढेच ठरवतो. आभासी संगणकाच्या दारापर्यंत तुकडा पोहोचवणारा ड्रायव्हर आजही परवान्याच्या कुलपाआडच आहे.